ऐकून घेणे (मानसिक आधार)

ताणाखाली असलेल्या माणसाचे बोलणे सल्ला, निवाडा किंवा तुलना मध्ये न आणता लक्षपूर्वक ऐकणे, ही मानसिक आधाराची एक पद्धत. मराठीत शब्द जरा फसवा आहे. ‘चारचौघांत ऐकून घेतलं’ म्हणजे अपमान गिळला आणि ‘माझं ऐक’ म्हणजे मी सांगतो तसे वाग. इथे हे दोन्ही अर्थ लागू नाहीत. हा उपचारही नव्हे; शेजारी, रूममेट, नातेवाईक कोणीही तो आधार देऊ शकतो.

लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली. त्याला भेटायला थांबलेल्यांशी स्वयंसेवक गप्पा मारत बसत, आणि कित्येकांचे मन तेवढ्यानेच हलके होई. पुढे ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडेच आले. पुण्यात कनेक्टिंग ट्रस्टची हेल्पलाइनही प्रशिक्षित स्वयंसेवक चालवतात.

जागा महत्त्वाची. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाला खोलीत एकांत नसतो आणि अभ्यासिकेत बोलता येत नाही. अमृततुल्यात चहा होतो, मन मोकळे होत नाही. शेजारच्या बाकड्याचे कान इकडेच असतात. त्यापेक्षा तळजाई किंवा हनुमान टेकडीवर शेजारी शेजारी चालावे. नजरेला नजर द्यावी लागत नसल्याने अवघड गोष्ट बोलणे सोपे जाते.

फोन सायलेंटवर टाकावा आणि किती वेळ आहे ते आधीच सांगावे. घाईत ऐकण्यापेक्षा ‘आज अर्धाच तास आहे’ हे प्रामाणिक. समोरचा थांबला की मनात दहा आकडे मोजावेत, कारण मुख्य गोष्ट बहुधा त्या शांततेनंतर येते. मग ऐकलेले थोडक्यात परत मांडावे: ‘प्रिलिम तिसऱ्यांदा गेली, आणि घरी सांगायचं कसं हे कळत नाहीये, असंच ना?’ चुकले असेल तर तोच दुरुस्त करतो, आणि बोलणे आणखी उलगडते. शब्द जसेच्या तसे परतवले तर मात्र थट्टा वाटते. ‘असं का केलंस?’ हा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो. ‘तेव्हा काय झालं?’ बरा.

सर्वांत जास्त बिघाड चांगुलपणाच करतो. ‘एवढं काय त्यात’, ‘पॉझिटिव्ह राहा’ यांतून आपले दुःख मोजून कमी ठरवले गेले असे वाटते. ‘माझंही असंच झालं होतं’ म्हटले की गोष्ट ऐकणाऱ्याची होते. तिथे पुणेकराचा सल्ला तर न मागताच तयार!

आत्महत्येची शंका आली तर स्पष्ट विचारावे: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर कसे, कधी ठरवले आहे तेही विचारावे. ठरलेले असेल तर त्याला एकटे सोडू नये, गोळ्या-कीटकनाशके दूर करावीत आणि विश्वासातल्या माणसाला कळवावे. म्हणूनच ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन आधी देऊ नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत मिळते. तातडीच्या वेळी ११२ किंवा जवळचे रुग्णालय.

निघताना ‘कधीही फोन कर’ म्हणून उपयोग नसतो. खचलेला माणूस आपणहून फोन करतच नाही. ‘उद्या साडेसातला मी करतो’ असे सांगावे आणि साडेसातला करावा.