फेडर चढवून गजर चढत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या हरिनाम सप्ताहांमध्ये भजनाला नवी चाल बांधणाऱ्यांचा एक समज पक्का असतो. गजर, म्हणजे सगळ्यांनी मिळून जोरात म्हणायची ओळ, रंगायला हवा, तर साऊंडवाल्याला खूण करायची, 'वाढव!' तो मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, वर करतो. आवाज वाढतो खरा, पण गजर जागचा हलत नाही. कारण चढ गळ्यात तयार होतो, मिक्सरमध्ये नाही.

हळू गाताना स्वरतंतू अलगद मिटतात. हवेचा झोत गोलसर लाटांनी बाहेर पडतो आणि त्यात मूळ कंपनाचाच वाटा मोठा असतो. छातीतला दाब वाढवला की तंतू फटकन मिटतात आणि झोत मध्येच तुटतो. या झटक्यातून उपस्वर उसळतात. २०० हर्ट्झचा सा लावला तर सोबत ४००, ६०० अशी कंपनं थेट ३००० च्या पुढेपर्यंत असतातच, पण जोर लावला की २०० चा भाग जेवढा वाढतो त्याहून ३००० जवळचा कितीतरी जास्त वाढतो. आपला कानही नेमका तिथंच, ३ ते ४ हजार हर्ट्झला, सर्वांत तिखट! म्हणून मोबाईलवर बारीक आवाजात ऐकलं तरी हाक ही हाकच वाटते आणि भोंग्यातून आलेली कुजबुज कुजबुजच राहते. फेडर सगळे उपस्वर सारखेच उचलतो, आवाजाचा रंग त्याला बदलता येत नाही.

माणसं वाढवूनही फार साधत नाही. एकाच्या जागी तेवढ्याच जोरानं दहा जण गायले तर १० डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो.   

तेव्हा चढायचं तर आधी उतरा. ध्रुवपद मध्य सप्तकात, एकट्यानं, पेटीचा भाता हलका. दुसऱ्या कडव्याला टाळाची एकच जोडी. सुरुवातीपासून सगळे टाळ खणखणले तर 'स', 'च', 'त' ही व्यंजनं झाकली जातात, शब्द कळतच नाहीत. गजराआधीच्या ओळीला टाळ बंद, पखवाज बोटांवर. गजराची ओळ तार सा कडे न्या, तिथं जोर आपसूक लागतो. ध्रुवपदच तार सप्तकात बांधलं असेल तर पुढं जायला जागा उरत नाही.

माईकचा गेन, म्हणजे माईकमधून आलेला आवाज मिक्सरनं सुरुवातीलाच किती उचलायचा ते, 'हॅलो, हॅलो' वर लावू नका, नाहीतर गजराला आवाज फाटतो. गजराचीच ओळ पूर्ण जोरात म्हणून गेन लावा. माईक तोंडापासून १० सेंटीमीटरवरून २० वर गेला की सुमारे ६ डेसिबल गळतात, गजराला मागं सरकणारा गायक आपलाच चढ खातो. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय, ४:१ वर असेल तर ठरलेल्या पातळीच्या १२ डेसिबल वर गेलेला आवाज ३ वरच दाबला जातो, सगळी मेहनत सपाट. भजनाला २:१ पुरे, आणि पातळी अशी ठेवा की ध्रुवपदाच्या वेळी त्याचा दिवा लागताच कामा नये.