वाडा, सोसायटी आणि सहनिवास : पुण्यातील एका कल्पनेची पार्श्वभूमी

प्रत्येक कुटुंबाचे स्वतंत्र घर, पण स्वयंपाकघर, जेवणघर, अंगण आणि कामाच्या खोल्या सामाईक, आणि या साऱ्याचा आराखडा राहणाऱ्यांनीच ठरवलेला, ही सहनिवासाची आधुनिक कल्पना डेन्मार्कमधली आहे. वास्तुरचनाकार यान गुडमँड-हॉयर यांच्या मित्रगटाने १९६४ मध्ये जागा घेतली होती, पण परिसरातील रहिवाशांच्या विरोधामुळे ती योजना बारगळली. हिलरॉडजवळील सेटेडॅमन ही २७ घरांची वसाहत उभी राहायला १९७२ साल उजाडले.

पुण्याच्या पेठांमध्ये सामाईक जगण्याची सवय त्याहून कितीतरी जुनी होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून भुयारी नळाने शहरातील हौदांत पाणी आले आणि त्या पाण्यावर कित्येक बिऱ्हाडे अवलंबून राहिली. वाड्याचा चौक, विहीर, ओसरी हे सगळे वाटून वापरले जाई. मात्र वाड्याच्या आठवणी काढताना हेही सांगायला हवे की भाडेकरूंची बिऱ्हाडे शेजारी राहिली तरी मालकी एकाचीच असे, आणि बिऱ्हाड कोणाला द्यायचे हे पुष्कळदा जात पाहून ठरे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर गोठलेल्या भाड्यात डागडुजी परवडेना. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे कोसळली.

पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती वसल्या, शहर नदीपलीकडे व दक्षिणेकडे झपाट्याने पसरले. त्याच सुमारास १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला होता. सामाईक मालकीची ही चौकट मोलाची होती; पण माझ्या मते इथेच एक संधी हुकली. सभासदांनी जमीन, देखभाल खर्च आणि पाण्याची टाकी वाटून घेतली, पण इमारत विकसकाने आखली आणि सामाईक जागा म्हणजे जिना, गच्ची व पार्किंग एवढेच उरले. वाड्यात सहजीवन होते पण मालकी नव्हती. सोसायटीत मालकी आली, तेव्हा सहजीवनासाठी जागाच आखली गेली नाही. २००० च्या सुमारास मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी जमिनी न विकता एकत्र आणून नगर उभारले, तो सामुदायिक मालकीचा मोठा प्रयोग होता, पण तिथे घरे घेणाऱ्या बहुतेकांचा आखणीत सहभाग नव्हता.

आज त्या जुन्या सोसायट्यांच्या इमारती पुनर्विकासाला आल्या आहेत. राज्य शासनाने २०१९ मध्ये स्वयंपुनर्विकासाला प्रोत्साहन देणारा निर्णय काढल्याने विकसकाविना बांधण्याचा मार्ग अधिक मोकळा झाला आहे. त्यामुळे तळमजल्यावर मोटारी ठेवायच्या की सामाईक स्वयंपाकघर व पाळणाघर, ओला कचरा आवारातच कुठे जिरवायचा, गच्चीवरचे पावसाचे पाणी कूपनलिकेत कसे मुरवायचे, हे प्रश्न नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वीच सर्वसाधारण सभेत मांडता येतात.