पोर्ट अलाऊ केलाय, पण तिथे ऐकतंय कोण?

फायरवॉल काय करते ते तुम्हाला माहितीय, बाहेरून आलेलं कनेक्शन आत सोडायचं की नाही ते ठरवते, यूएफडब्ल्यूत (लिनक्सवर फायरवॉल सांभाळायचं सोपं टूल) पोर्ट, म्हणजे सर्व्हिसच्या दरवाजाचा नंबर, अलाऊ केला की सोडते, विषय संपला. घोळ होतो तो त्याच्या पुढे. "पोर्ट ओपन केलाय तरी दुसऱ्या मशीनवरून लागत नाहीये" हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा फायरवॉलचा त्यात संबंधच नसतो.

सर्व्हिस, म्हणजे कनेक्शनची वाट बघणारा प्रोग्राम, चालू होताना कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) पोर्टच्या जोडीने पत्ताही सांगते. तो पत्ता १२७.०.०.१ असेल तर ती फक्त त्याच मशीनवरच्या प्रोग्रामचं ऐकणार, बस. सोसायटीतला इंटरकॉम असतो ना, तसं. वॉचमनने गेट सताड उघडं ठेवलं तरी रस्त्यावरच्या माणसाला तुमच्या घरचा इंटरकॉम लावता येत नाही, कारण ती लाइन बिल्डिंगच्या बाहेर गेलेलीच नाही. आणि डीफॉल्ट बऱ्याचदा हेच असतं, जँगो या वेब फ्रेमवर्कचा रनसर्व्हर (डेव्हलपमेंटचा सर्व्हर) १२७.०.०.१:८००० वर, म्हणजे पोर्ट ८०००, पोस्टग्रेस डेटाबेस लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवर, मोंगोडीबी डेटाबेससुद्धा ३.६ व्हर्जनपासून लोकलहोस्टवरच. मुद्दाम केलंय ते आणि योग्यच केलंय.

अंधेरीच्या ऑफिसात एका नव्या मुलाने लॅपटॉपवर चालवलेली जँगोची साइट फोनवर दिसत नाही म्हणून लॅपटॉपची फायरवॉलच बंद केली, मग राउटरच्या सेटिंगमध्ये घुसला, अख्खी दुपार त्यात गेली. मी म्हटलं, अरे आधी एसएस मार (कोण कुठल्या पत्त्यावर ऐकतंय ते दाखवणारी लिनक्सची कमांड), पुढे -टीएलएन लाव. लोकल ॲड्रेसच्या कॉलममध्ये स्पष्ट दिसत होतं, १२७.०.०.१:८०००. रनसर्व्हरला ०.०.०.०:८००० दिलं, म्हणजे मशीनच्या सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर ऐक, अलाऊड होस्ट्समध्ये (कुठल्या पत्त्याने आलेल्याला उत्तर द्यायचं त्याची जँगोतली यादी) लॅपटॉपचा आयपी टाकला, फोनच्या ब्राउझरमध्ये तोच १९२.१६८ वाला आयपी टाकला, ०.०.०.० नाही, आणि पेज आलं. मग फायरवॉल परत चालू करून फक्त ८००० अलाऊ केला, तरी येत होतं.

एरर नीट वाचा हो, प्लीज. नुसतं लटकून टाइमआउट झालं तर बहुतेक फायरवॉलने पॅकेट गिळलं. लगेच "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर पॅकेट मशीनपर्यंत पोचलं, पण त्या पत्त्यावर ऐकायला कोणी नाही. म्हणजे पोर्ट अलाऊ केल्यावर टाइमआउटचं रिफ्यूज्ड झालं तर तुमचं अर्धं काम झालंय, पण लोक म्हणतात काहीच फरक पडला नाही आणि परत फायरवॉलच उकरत बसतात. रिजेक्टचा रूल असेल तर फायरवॉलकडूनही रिफ्यूज्ड येऊ शकतं, म्हणून एसएस बघायचंच.

आता दिसेल तिथे ०.०.०.० टाकत सुटू नका, याचा मला फार राग येतो. डेव्हलपमेंटपुरतं ठीक, डेटाबेसला कधीच नाही, त्याला प्रायव्हेट आयपी (आतल्या नेटवर्कपुरता पत्ता) द्या नाहीतर एसएसएच टनेल मारा, म्हणजे एसएसएच लॉगिनच्या सुरक्षित कनेक्शनमधून आत जा.

डॉकरमध्ये, म्हणजे ॲप वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवता तेव्हा, हे आत आणि बाहेर दोन्हीकडे बघावं लागतं. कंटेनरचा १२७.०.०.१ त्याचा स्वतःचा असतो, त्यामुळे आतल्या ॲपला ०.०.०.० द्यावंच लागतं. पण कंटेनरचा पोर्ट मशीनच्या पोर्टला जोडताना (पब्लिश करताना) नुसता ५४३२:५४३२ (पोस्टग्रेसचा पोर्ट) लिहिलात तर तो सगळ्या इंटरफेसवर उघडतो, आणि डॉकर लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये स्वतःचे आयपीटेबल्स रूल टाकतं त्यामुळे यूएफडब्ल्यूत डिनाय असूनही बाहेरून लागतो. १२७.०.०.१:५४३२:५४३२ असं लिहा.