चिमूटभर आर्सेनिक: कंडेन्सरमधल्या पितळी नळ्यांची पार्श्वभूमी

जेम्स वॅटने १७६९ मध्ये स्वतंत्र कंडेन्सरचं, म्हणजे वाफ गार करून तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागाचं, पेटंट घेतलं. त्याच्या इंजिनांत वाफेवर थेट गार पाणी सोडून ती थिजवली जाई. जमिनीवर हे चालून गेलं. जहाजावर मात्र ते गार पाणी समुद्राचं, आणि वाफेत मिसळलं की मीठ बॉयलरमध्ये जायचंच. १८३४ मध्ये सॅम्युएल हॉल यांनी पृष्ठभाग-कंडेन्सरचं पेटंट घेतलं: वाफ आणि गार पाणी यांपैकी नळीच्या आत एक, बाहेर दुसरं, मध्ये धातूची पातळ भिंत. १८६० च्या दशकात बॉयलरचे दाब वाढले तेव्हा त्याला खरी मागणी आली.

ती भिंत पितळेची झाली याला कारणं होती. पितळ उष्णता चांगली वाहतं, ओढून पातळ नळी करता येते, आणि तांब्यामुळे समुद्री शेवाळ-शिंपले त्यावर फारसे धरत नाहीत. ७० भाग तांबं, ३० भाग जस्त असं साधारण प्रमाण. पण खाऱ्या पाण्यात यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. याला डीझिंकिफिकेशन म्हणतात. यातली फसवी गोष्ट अशी की नळीचा आकार आणि जाडी जवळपास तशीच राहते, फक्त रंग लालसर होतो. बोटाने दाबली की मोडते.

पहिला उपाय एक टक्का कथलाचा. ब्रिटिश नौदलाच्या खात्यावरून या मिश्रधातूला ‘अॅडमिरल्टी पितळ’ नाव पडलं आणि ते आजही टिकून आहे. कथलाने झीज मंदावली, थांबली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात गळक्या नळ्यांनी ब्रिटिश युद्धनौकांना इतकं छळलं की या दुखण्याला खलाशी ‘कंडेन्सरायटिस’ म्हणू लागले. एक नळी गळली तरी खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात जातं, मग जहाजाला बंदर गाठावंच लागतं.

१९०८ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सने या प्रश्नासाठी समिती नेमली आणि गाय बेंगफ यांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. १९२४ मध्ये बेंगफ आणि त्यांचे सहकारी आर. मे यांच्या अहवालाने जस्त रोखण्यातलं आर्सेनिकचं महत्त्व पुढे आणलं. आजच्या मानकांत ते ०.०२ ते ०.०६ टक्के असतं, म्हणजे शंभर किलो पितळात वीस ते साठ ग्रॅम. या संपूर्ण इतिहासात इतक्या स्वस्तात इतकं काम दुसऱ्या कशानेही केलेलं नाही, असं माझं मत आहे. मर्यादा एकच: हा उपाय एकजिनसी अल्फा पितळात (एकाच स्फटिकरचनेच्या पितळात) चालतो. जस्त ४० टक्क्यांच्या आसपास गेलं की बीटा प्रावस्था, म्हणजे वेगळ्या स्फटिकरचनेचा भाग, तयार होते आणि तिला आर्सेनिक वाचवत नाही. म्हणून १८३२ साली पेटंट झालेला ६०:४० चा मुंट्झ धातू नळ्यांऐवजी जाड ट्यूब शीटसाठी (नळ्यांची टोकं जिच्यात बसवतात त्या पाटीसाठी) वापरात राहिला. तिथे थोडी झीज परवडते.

जस्त आवरलं तोवर पाण्याचा वेग वाढला होता. नळीच्या तोंडाशी खळबळणारं, बुडबुड्यांनी भरलेलं पाणी संरक्षक थर खरवडून काढतं आणि घोड्याच्या नालासारखे खड्डे पाडतं. १९२० च्या दशकात यावर अॅल्युमिनियम पितळ आलं: साधारण ७६ टक्के तांबं, २२ टक्के जस्त, २ टक्के अॅल्युमिनियम, शिवाय आर्सेनिक. याचा थर ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. त्यापेक्षा टणक तांबं-निकेल होतं, पण महाग.

अॅल्युमिनियम पितळाच्या यशात एक छुपा भागीदार होता. जुन्या कंडेन्सरचे वॉटर बॉक्स, म्हणजे नळ्यांच्या टोकांशी पाणी पोचवणाऱ्या पेट्या, बिडाचे किंवा पोलादाचे असत. ते गंजत, आणि त्यातलं लोह नळ्यांच्या आत पातळ थर देऊन बसे. पुढे बॉक्स वाचवण्यासाठी आतून रबर किंवा इपॉक्सी लावलं गेलं, आणि नळ्या खराब होऊ लागल्या. मग पाण्यात मुद्दाम फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) सोडण्याची पद्धत रूढ झाली: रोज तासभर, दशलक्ष भागांत साधारण एक भाग.

दुसरा शत्रू अमोनिया. भारतात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की तडकत. ताण आणि अमोनिया एकत्र आल्याने हे होतं, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवलं. कंडेन्सरमध्ये अमोनिया बॉयलरच्या पाण्यावरील प्रक्रियेतून येतो आणि हवा काढून घेण्याच्या भागात साठतो. म्हणूनच ओढलेल्या नळ्या तापवून ताणमुक्त करतात आणि पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावणात बुडवून तपासतात.

१९७० च्या दशकापासून मोठ्या वीजकेंद्रांत टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टील शिरले. नळ्यांतून सुटलेलं तांबं टर्बाइनच्या पात्यांवर बसतं, आणि गंधकयुक्त सल्फाइडने दूषित बंदराच्या पाण्यात पितळ टिकत नाही. टायटॅनियमची उष्णतावाहकता अॅडमिरल्टी पितळाच्या पाचव्या हिश्शाइतकीच; ती उणीव पातळ भिंतीने भरून काढतात. मात्र जुन्या कंडेन्सरमध्ये नुसत्या नळ्या बदलल्या की नवं दुखणं सुरू होतं. आधाराच्या पट्ट्यांमधलं अंतर जाड पितळी नळीच्या हिशेबाने ठेवलेलं असतं, त्यामुळे पातळ नळी थरथरते, आणि टायटॅनियमशी जोडली गेलेली मुंट्झ धातूची ट्यूब शीट झपाट्याने झिजू लागते.