साकव हलतो, तेव्हा त्यात ऊर्जा किती?

कोकणात वहाळावरचा लोखंडी गर्डरांचा (तुळयांचा) साकव, म्हणजे पायी जाण्याचा छोटा पूल, पावलागणिक हलतो, हे तिथे राहणाऱ्यांना नवं नाही. त्या हलण्यात ऊर्जा किती, हे मोजपट्टी आणि मोबाइलमधला त्वरणमापक एवढ्यावर बऱ्यापैकी काढता येतं.

सूत्र शाळेतलंच: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. साकव मधल्या स्थितीतून जाताना वेग सर्वांत जास्त असतो आणि सगळी ऊर्जा गतीत असते. पुरता वाकून क्षणभर थांबतो तेव्हा तीच गर्डरच्या ताणात साठते. दोन्हींची बेरीज करायची नसते.

खरी गफलत वस्तुमानात होते. समजा, २० मीटरचा साकव आहे. १.२ मीटर रुंद, ८ सेंटीमीटर जाड स्लॅब म्हणजे १.९२ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला अडीच टन धरले तर ४.८ टन. खाली ६०० मिलिमीटर उंचीचे दोन आय-गर्डर, मीटरला सुमारे १२२ किलो, म्हणजे ४.९ टन. कठडे धरून एकूण १० टन. पण टेकूंवरची टोकं जवळपास हलतच नाहीत, मधला भाग सर्वांत जास्त हलतो. दोन्ही टोकांना नुसत्या टेकवलेल्या अशा साकवाच्या मूळ कंपनात, म्हणजे सगळा साकव एकदम वर-खाली होतो त्या सर्वांत संथ कंपनात, निम्मंच वस्तुमान धरायचं: ५ टन.

आता मोबाइल. मऊ कव्हर काढून तो साकवाच्या बरोबर मध्यावर, स्लॅबवर सपाट ठेवायचा. कठड्यावर नको, कठडा स्वतःच वेगळा थरथरतो. फायफॉक्ससारख्या मोफत ॲपमध्ये गुरुत्वाकर्षण वगळून उभ्या दिशेचं त्वरण नोंदवता येतं. एकाने टाचा उचलून दाणकन टेकवाव्यात आणि निश्चल उभं राहावं. समजा, सेकंदाला ३ कंपनं दिसली आणि त्वरणाचं शिखर ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग आलं. त्याला ६.२८ (म्हणजे २π) × ३ ने भागलं की वेग ०.०१६ मीटर प्रति सेकंद. ऊर्जा ०.६४ ज्यूल. पाव किलोचा हापूस वीतभराहून जरा उंचावरून पडला तर एवढीच ऊर्जा मिळते! आणि तेवढ्याने १० टनांचा साकव पायाला स्पष्ट जाणवेल इतका हलतो.

वेगाचा वर्ग असल्याने छोटी चूकही महागात पडते. ॲप त्वरण 'जी'मध्ये, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत, दाखवत असेल आणि ९.८ ने गुणायचं राहिलं, तर ऊर्जा ९६ पट कमी येते. शिखराऐवजी वर्गमध्यमूळ (आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) घेतलं तर निम्मी. दोन कंपनं मिसळलेली असतील तर वर्णपट (कोणत्या कंपनसंख्येचा वाटा किती, याचा आलेख) काढून प्रत्येकाची ऊर्जा वेगळी काढावी आणि मग बेरीज करावी.

आमच्या मते ऊर्जेच्या आकड्यापेक्षा ती किती लवकर विरते, हे जास्त बोलकं आहे. ११ कंपनांत शिखर निम्म्यावर आलं तर अवमंदन (कंपन विरण्याचं प्रमाण, डॅम्पिंग) सुमारे १ टक्का, आणि तोवर ऊर्जा पाव उरलेली असते. अवमंदन असं कमी असेल, तर शाळेला उशीर झालेली पोरं सेकंदाला तीनच्या लयीत धावत सुटली की प्रत्येक पाऊल आधीच्या कंपनात भर घालतं.

खाऱ्या हवेने गर्डर गंजून ताठरपणा १० टक्के घटला, तर कंपनसंख्या जेमतेम ५ टक्के उतरते: ३ ची २.८५. हा फरक पकडायचा तर नोंद निदान मिनिटभराची हवी, आणि पावसाळ्याआधीची व नंतरची मोजणी त्याच जागी, साकव रिकामा असताना करावी. खांबाखालची माती पुराने वाहून गेली असेल, तर ते मात्र स्लॅबवरच्या मोबाइलला सहसा कळत नाही. त्यासाठी पाणी ओसरल्यावर खाली उतरून पायाच पाहावा लागतो.