कातळपृष्ठाचे निकट छायाचित्रमापन

एखाद्या पृष्ठभागाची एकमेकांवर चढणारी अनेक छायाचित्रे जवळून टिपून, त्यांवरून त्याच्या उंचसखलपणाची त्रिमितीय मापे काढण्याच्या पद्धतीला निकट छायाचित्रमापन (क्लोज-रेंज फोटोग्रामेट्री) म्हणतात. काही सेंटिमीटरांपासून शंभरेक मीटरांपर्यंतची अंतरे या पद्धतीत मोडतात. मात्र या नोंदीत कोकणातील जांभ्याच्या सड्यांवरील (उघड्या, सपाट कातळमाथ्यांवरील) कातळशिल्पांच्या, म्हणजे दगडात कोरलेल्या आकृत्यांच्या संदर्भात, सुमारे एक मीटर अंतरावरून होणाऱ्या सूक्ष्म मापनाचाच विचार केला आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आणि गोव्यातील अशा काही स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये झाला.

छायाचित्रांवरून इमारतींची मापे काढण्याचा पाया एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लॉसेदा आणि जर्मनीत मायडेनबाउअर यांनी घातला. आज हे काम साध्या डिजिटल कॅमेऱ्याने होते. निरनिराळ्या छायाचित्रांत दिसणारे समान बिंदू संगणक हुडकतो आणि त्यांवरून कॅमेऱ्याची प्रत्येक वेळची जागा, भिंगामुळे प्रतिमेत येणारी विकृती व पृष्ठभागावरील बिंदूंचे स्थान ही सर्व एकत्रच सोडवतो. गुळगुळीत, एकरंगी पृष्ठभागावर असे बिंदू सापडत नाहीत. सच्छिद्र आणि डागाळलेला जांभा या दृष्टीने फार सोयीचा दगड आहे.

मापाची सूक्ष्मता अंतर, भिंग आणि कॅमेऱ्यातील संवेदकाच्या एका घटकाचा (पिक्सेलचा) आकार यांवर ठरते. २४ मेगापिक्सेलच्या, ३६ × २४ मिमी संवेदकाच्या कॅमेऱ्यात एक घटक सुमारे ०.००६ मिमीचा असतो. ५० मिमी भिंगाने एक मीटरवरून टिपल्यास तो दगडावरील ०.१२ मिमी जागा व्यापतो. खोलीचे माप याहून ढोबळ येते: दोन छायाचित्रांच्या जागांत सुमारे २९ सेंमी अंतर असेल आणि बिंदू अर्ध्या घटकापर्यंत अचूक जुळला असेल, तर खोलीतील अनिश्चितता ०.२ मिमीच्या आसपास राहते. ही सूक्ष्मता स्वस्त पडत नाही. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ × १३ मीटर आहे. ती वरील मापाने, लांबीच्या दिशेने ७० व रुंदीच्या दिशेने ६० टक्के आच्छादन (शेजारच्या छायाचित्रांत समान येणारा भाग) ठेवून टिपायची, तर साडेपाच हजारांहून अधिक छायाचित्रे लागतील. म्हणून अख्खी आकृती ड्रोनने टिपावी आणि सूक्ष्म मापनासाठी निवडक तुकडेच घ्यावेत, हे शहाणपणाचे.

प्रकाशाच्या बाबतीत डोळ्याची आणि मापनाची गरज परस्परविरुद्ध आहे. उथळ रेषा मावळतीच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात, पण सरकत्या सावल्या संगणकाची दिशाभूल करतात. मापनाला सूर्योदयापूर्वीचा मंद उजेड किंवा ढगाळ आभाळ हवे. एकदा संगणकात पृष्ठभागाचे त्रिमितीय प्रतिरूप तयार झाले की त्यावर हव्या त्या दिशेने कृत्रिम ऊन पाडता येतेच. पावसाळ्यात सड्यावर पाणी साचते, शेवाळ धरते, गवत माजते. ओला दगड चकाकतो आणि वाऱ्यावर हलणारे पाते प्रत्येक छायाचित्रात वेगळ्या जागी दिसते. त्यामुळे गवत वाळल्यावर, खाचांतील माती मऊ कुंचल्याने काढून काम करतात. फोटोत उठाव यावा म्हणून रेषांत खडू किंवा चुना भरणे टाळावे: दगडाचे नुकसान राहिलेच, खाचेची खोलीही त्याने बदलते.

सपाट सड्यावर कॅमेरा सतत सरळ खाली धरून चालत गेल्यास भिंगाच्या विकृतीचा हिशेब किंचित चुकतो आणि सपाट कातळ प्रतिरूपात घुमटासारखा फुगतो. हा दोष नुसत्या नजरेला कळत नाही, म्हणूनच तो अधिक घातक आहे. काही छायाचित्रे १५ ते २० अंश तिरपी घेतल्याने आणि काही कॅमेरा काटकोनात फिरवून घेतल्याने तो बराच कमी होतो. झूम भिंग टाळतात, फोकस एकदा लावून तसाच ठेवतात. ज्ञात लांबीच्या मापपट्ट्या चौकटीत ठेवाव्या लागतात, कारण छायाचित्रांतून आकार मिळतो, प्रत्यक्ष लांबी नाही. एखादी पट्टी हिशेबाबाहेर ठेवून शेवटी पडताळणीसाठी वापरावी.

खरी अडचण यापुढे येते. खाचेची खोली म्हणजे मूळ पृष्ठापासूनचे अंतर. परंतु भोवतालचा जांभा स्वतःच खडबडीत, उताराचा आणि झिजलेला असतो. भोवतालच्या दगडातून सरळ प्रतल काढले तर एक आकडा येतो, वक्र पृष्ठ बसवले तर दुसरा, आणि दोन्ही आकडे आपापल्या परीने बरोबर असतात. संदर्भपृष्ठ कसे घेतले हे न सांगता दिलेली खोली निरर्थक होय. शिवाय जांभ्याची अरुंद, खोल भोके दोन छायाचित्रांत तळापर्यंत दिसत नाहीत. पोकळी भरण्याची सोय चालू असेल तर संगणक ती जागा गुळगुळीत करून टाकतो आणि नैसर्गिक भोक छिन्नीच्या घावासारखे भासू लागते. खोदकाम कशाने झाले, याविषयी अशा प्रतिरूपावरून केलेली विधाने त्यामुळे जपूनच घ्यावीत.

झीज मोजण्यासाठी तोच तुकडा काही वर्षांनी पुन्हा टिपतात. त्यासाठी लागणाऱ्या स्थिर खुणा शिल्पाबाहेरच्या भक्कम कातळावर निवडाव्यात. शिल्पात खिळा ठोकणे अर्थातच वर्ज्य. दोन्ही मापनांत ०.२ मिमीची अनिश्चितता असेल, तर खुणा जुळवण्यातील चूक धरून अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरकाला झीज म्हणता येत नाही, आणि तेवढी जाडी शेवाळाच्या वाळल्या थराचीही असू शकते. मूळ छायाचित्रे, भिंगाचा तपशील व मापपट्टीची लांबी प्रतिरूपासोबत जपून ठेवणे याच कारणासाठी आवश्यक ठरते.