नेमबाजाला व्यायाम कशाला?

‘एका जागी उभं राहून चाप तर ओढायचा, त्याला कसली तंदुरुस्ती?’ हा गैरसमज वर्षानुवर्षं चालत आला आहे, आणि त्यापायी अनेक हौशी नेमबाज कंबरदुखी ओढवून घेतात.

१० मीटर अंतरावरच्या नेमबाजीत वापरल्या जाणाऱ्या एअर रायफलचं (हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीचं) वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. ती पेलत ७५ मिनिटांत ६० गोळ्या झाडायच्या, आणि दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर! हृदयाच्या ठोक्यानेही नळी हलते. नियमित धावणाऱ्याचे ठोके संथ पडतात, दोन ठोक्यांमधली स्थिर फट वाढते. नेम धरताना श्वास फार वेळ रोखला तर नजर धूसर होते.

दंड फुगवून मात्र फारसं साधत नाही. पाठ, पोट आणि पाय यांची चिवट ताकद कमवा. प्लँक (कोपर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं) तर रोजच करा.